घोड्याकडे तोंड करून

माझे बाबा नालीत पडले तेव्हा क्लॅरिनेट त्यांच्या तोंडातच होती.

पूर्णेच्या काठच्या एका गावातली वरात होती. उन्हाळ्याची संध्याकाळ. पुढे आमचा बँड, मागे नाचणारी माणसं, त्यांच्या मागे घोड्यावर नवरदेव. बँडमधले सगळे रस्त्याकडे तोंड करून चालत होते. फक्त बाबा नाही. बाबा बँडचे म्होरके. आणि आमच्या भागात म्होरक्यानं घोड्याकडे तोंड करून वाजवायचं असतं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत सगळा रस्ता उलट्या पावलांनी. नवरदेवाच्या घरच्यांना पाठ दाखवायची नाही. कोणाची फर्माईश आहे, कोणाला अजून नाचायचं आहे, ते डोळ्यांनी पाहायचं, मान हलवून हो म्हणायचं आणि मागे मागे सरकायचं.

मी तेव्हा शाळेत होतो. सुट्टीत बँडमध्ये खुळखुळा वाजवायचो. मोठा ढोल वाजवणाऱ्या काकांच्या बाजूला चालत होतो. मान वळवून बाबांकडे पाहत होतो, म्हणून मला दिसलं.

रस्त्याला वळण होतं. वळणावर उघडी नाली होती. गावाचं सगळं पाणी तिच्यात. नवरदेवाच्या चुलतभावांनी ती पाहिली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मग ते चौघं-पाचजण हातात हात घालून नाचत पुढे आले. बाबा मागे सरकले. ते अजून पुढे आले. बाबा अजून मागे. बाबांना वाटलं, माणसं रंगात आली. ते हसून मान हलवत होते. मी ओरडलो, "बाबा, नाली!" ढोलापुढे माझा आवाज काय पुरणार?

बाबा पाठीवर पडले. पडता पडता त्यांनी ती तोंडातून काढून वर धरली. आधी नाचणारे हसले. मग घोड्यावरचा नवरदेव हसला. मग ओट्यावर उभ्या असलेल्या बायांनी पदर तोंडाला लावला.

नवरदेवाचे काका पुढे आले. त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत. आम्हीही म्हणायचो. मला वाटलं, ते हात देतील.

ते म्हणाले, "अबे वाजव ना. नवरदेव उभा हाय."

बाबा उठले. पोटरीपर्यंत चिखल. लाल कोटावरून काळं पाणी निथळत होतं. त्यांनी फुंकायची वेताची पत्ती पुसली, क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि नालीतच उभं राहून वाजवू लागले. कारण नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत म्होरक्यानं थांबायचं नसतं. हाही रिवाजच.

मी खुळखुळा वाजवत होतो. माझा हात थांबला नाही. का थांबला नाही, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबा रॉकेलच्या बोळ्यानं क्लॅरिनेटच्या कळा पुसत बसले. उजवा गुडघा सुजला होता. मी विचारलं, "बाबा, तुमी वळून काहून नाही पाह्यलं?"

"वळलं का पाठ होते," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचा गुडघा पूर्ण वाकत नाही.

*

हे लिहावं की नाही, मी बरेच दिवस ठरवत होतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिला. लिहिताना अजून भीती वाटते की काहीतरी चुकेल आणि कोणी हसेल. पण आता लिहितो आहे.

आमचं घर अकोल्यात. आजा गावात डफडं वाजवायचा. तो अकोल्याला आला, बाबांनी क्लॅरिनेट हातात घेतली आणि चार भावकीतल्या लोकांना धरून बँड काढला. आता त्यात शेख चाचाही आहेत, सॅक्सोफोनवाले. जात सांगायची गरज पडत नाही. आजा डफडं वाजवायचा म्हटलं की समोरचा समजून जातो. मग तो जरा सरकून बसतो, किंवा फार गोड बोलू लागतो. दोन्ही मला ओळखता येतं.

मी अमरावतीला बी.ए.ला आलो. विषय संगीत. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "वाद्य कोणतं?" मी म्हटलं, "क्लॅरिनेट." मागच्या बाकावरून कोणीतरी तोंडानं वरातीचा ठेका धरला. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण वहीकडे पाहू लागल्या.

राजापेठेत खोली घेतली. खाली शिकवणी वर्ग, वर आम्ही. सोबत गजू. त्याच्या घरी झेंडूचे आणि शेवंतीचे मळे. मी गच्चीवर रियाज करायचो. खालून शिकवणीची पोरं ओरडायची, "कोणाचं लगन हाय रे?" गजू कठड्यावरून वाकून सांगायचा, "तुह्या मास्तरचं! जेवाले येजो!"

तो असा बोलला की मला हसू यायचं. पण मी रियाज हळूहळू भिंतीकडे तोंड करून करू लागलो. आवाज कमी जावा म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगायचो.

दुसऱ्या वर्षाला असताना शहरात संगीताचा मोठा महोत्सव आला. मुंबईच्या मंडळींनी आणलेला. सकाळी शास्त्रीय गायन, दुपारी वेगवेगळ्या देशांतली वाद्यं, संध्याकाळी जाझ. मुंबईत असे कार्यक्रम कायम होतात म्हणे. ते आता छोट्या शहरांतही न्यायचे होते. आमच्या विभागातली मुलं स्वयंसेवक म्हणून घेतली. स्टेजच्या फुलांचं काम गजूच्या वडलांना मिळालं.

मी पहिल्यांदा असं काही ऐकलं. सकाळी एका गायिकेनं एकच स्वर इतका वेळ धरला की सभागृहातले पंखे ऐकू यायला लागले. गाणं संपल्यावर लोक रांगेनं तिच्या पाया पडले आणि पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी मागे गेले. मी खुर्च्या लावत होतो. माझा हात थांबला. मोठमोठी माणसं उलटी चालत होती. पण कोणी त्यांना चालवत नव्हतं. चार पावलं झाली की ती वळत होती आणि चपला शोधत होती.

दुपारी जाझवाल्यांची तालीम होती. सॅक्सोफोन वाजवणारे गृहस्थ वयानं मोठे. सगळे त्यांना अंकल म्हणत. सॅक्सोफोन तोच, शेख चाचांकडे आहे तसाच. फक्त चाचांच्या सॅक्सोफोनची एक कळ रबरानं बांधलेली आहे. मी पडद्याच्या बाजूला उभा होतो. पहिल्या रांगेत महोत्सवाचे पाहुणे, देणगी देणारे, शहरातले मोठे डॉक्टर बसले होते. अंकलनी थोडा वेळ त्यांच्याकडे तोंड करून वाजवलं. मग ते वळले. सरळ वळले. सगळ्या सभागृहाकडे पाठ केली आणि ड्रम वाजवणाऱ्याकडे पाहत वाजवू लागले. बराच वेळ.

मी दाराकडे पाहिलं. आता कोणीतरी उठेल असं वाटलं. कोणीतरी म्हणेल, अबे, इकडं तोंड कर.

कोणी उठलं नाही. डॉक्टर डोळे मिटून मान हलवत होते.

तालीम संपल्यावर मी अंकलना पाणी नेऊन दिलं. विचारू की नको, असं करत शेवटी विचारलं, "तुम्ही पाठ का केली होती?"

"कुठे? अच्छा, ते?" ते म्हणाले. "ड्रमर मागे होता ना. त्याच्याशी बोलत होतो. पब्लिकला ऐकू येतं की. बघायचं काय त्यात?"

"कोणाला राग नाही आला?"

"राग? कोणाला राग?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. ते खरंच विचार करत माझ्याकडे पाहत राहिले. मी रिकामा ग्लास घेऊन परत आलो. त्या ग्लासाचं काय करायचं ते मला बराच वेळ सुचलं नाही.

*

महोत्सवाचे एक संयोजक होते. खादीचा कुर्ता, गोल चष्मा, बोलणं फार मऊ. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या जिन्यात क्लॅरिनेट वाजवत होतो. ते तिथे आले आणि पायरीवर बसून ऐकू लागले. संपल्यावर म्हणाले, "हे कुठे शिकलास?"

"बाबांकडून. आमचा बँड आहे. लग्नाचा."

त्यांचे डोळे मोठे झाले. "लग्नाचा बँड! अरे, हेच तर हवं होतं आम्हाला. किती रॉ आहे हे. उद्या शेवटच्या कार्यक्रमात अंकलबरोबर वाजवशील?"

मी मान हलवली. बाबांसारखी.

"आणि तो ड्रेस असतो ना तुमचा? लाल, सोनेरी पट्ट्यांचा? तो घालून ये."

रात्रीच्या आत परत यायचं म्हणून मी लगेच अकोल्याची बस धरली. बाबांनी पेटीतून कोट काढला. तोच. आईनं किती वेळा धुतला असेल, पण पाठीवर नालीचा काळा डाग अजून आहे. जवळून पाहिलं तर दिसतो. बाबांनी ओल्या फडक्यानं सोनेरी बटणं पुसली. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"मोठी मोठी माणसं येतीन?"

"हो बाबा."

"मंग एक लक्षात ठेव पोरा. त्यायच्याकडं पाठ करू नको."

मी त्यांना अंकलची गोष्ट सांगणार होतो. नाही सांगितली. त्यांनी कोटाची घडी घालून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. आधी अंकल आणि त्यांची मंडळी वाजवत होती. मग संयोजक माईकवर आले. माझं नाव त्यांनी घेतलं, पण चुकीचं. म्हणाले, "आता या मातीतला अस्सल सूर. थेट वरातीतून!" टाळ्या पडल्या. मी स्टेजवर गेलो. दिवे इतके की समोरची माणसं दिसेनात. फक्त पहिली रांग दिसत होती. पांढरे कपडे, चष्मे, हातातले फोन.

मी वरात निघताना बाबा वाजवतात ती चाल धरली. ड्रम लगेच सोबत आला. अंकलनी मागून एक लांब स्वर दिला. इतकं छान वाटलं. मी डोळे उघडे ठेवून वाजवत होतो. पहिल्या रांगेतली माणसं मान हलवू लागली, टाळ्या वाजवू लागली, थोडी पुढे वाकली.

ती पुढे वाकली आणि माझे पाय मागे गेले.

मला कळलंच नाही. खरंच सांगतो. लहानपणापासून जे पाहिलं, जे केलं, ते पायांत होतं. समोर माणसं रंगात आली की मागे सरकायचं. मी त्यांच्याकडे पाहत, मान हलवत, एक एक पाऊल मागे जात होतो. लोक हसू लागले. मला वाटलं, खूश आहेत. मी अजून मागे गेलो. माझी पाठ झांजांच्या स्टँडवर आदळली. तो स्टँड पडला. फार मोठा आवाज झाला.

सगळं सभागृह हसलं. संयोजकांनी माईक उचलला आणि हसत म्हणाले, "अरे थांब, थांब! सवय आहे त्याला. वरातीत हे असंच उलटे चालतात. घाबरू नकोस, इथे घोडा नाहीये!"

अजून हसू.

तेच हसू. मी ते ओळखलं. पूर्णेच्या काठी ऐकलं होतं. तिथे ते वऱ्हाडीत होतं, इथे शुद्ध मराठीत. एवढाच फरक. मला माझ्या पाठीवरचा डाग आठवला. समोरून तो कोणाला दिसत नव्हता.

आणि मी थांबलो. वाजवता वाजवता मधेच थांबलो. आमच्या तीन पिढ्यांत कोणी असं मधे थांबलं नसेल. मी वळलो. लोकांकडे पाठ केली. अंकल आणि त्यांचा ड्रमर माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत पुन्हा तीच चाल सुरू केली. अंकलही ड्रमरकडे वळले. आता पाय हलत नव्हते. मला ड्रमरचे हात दिसत होते. त्याचा ठेका मला पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला.

मग माझ्या दोन्ही खांद्यांवर हात पडले. संयोजकांचे. त्यांनी मला धरून फिरवलं. दुकानात कपडे घातलेला पुतळा फिरवतात तसं. कानाशी हळूच म्हणाले, "इकडे, इकडे बघ राजा. लोक इकडे आहेत." आवाज मऊच होता.

अंकल त्याच वेळी लोकांकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या खांद्याला कोणी हात लावला नाही.

*

कार्यक्रम संपल्यावर संयोजक आत आले. फार खूश होते. म्हणाले, "मुंबईला येशील? पुढच्या महिन्यात आमचे कार्यक्रम आहेत. तिथला श्रोता वेगळा. तुला डोक्यावर घेतील."

मुंबईचं स्टेज. मी खोटं बोलणार नाही, माझं सगळं अंग हो म्हणत होतं.

"फक्त ते मागे मागे जाणं होतं ना, ते ठेव," ते म्हणाले. "शेवटी झांजा पडतात, तेही ठेवू. बसवून घेऊ नीट. त्यात एक कहाणी आहे."

मी म्हटलं, "सर, असंच चालताना माझे बाबा नालीत पडले होते. लोकांनी पाडलं होतं."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, त्यांना लाज वाटली. ते थोडे पुढे सरकले आणि म्हणाले, "हे तू स्टेजवर सांगशील? वाजवायच्या आधी?"

मला त्या क्षणी बापूसाहेब बरे वाटले. त्यांनी निदान माझ्या बाबांच्या पडण्यावर तिकीट लावलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मी उलटा चालणार नाही. आणि ते सांगणारही नाही."

"मग तुझ्यात वेगळं काय राहिलं? क्लॅरिनेट वाजवणारे मुंबईत खूप आहेत."

"मग मी वाजवतो तेवढंच ऐका."

ते हसले. "विचार कर," म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

गजू दाराशी उभा होता. स्टेजवरच्या फुलांच्या माळा त्याच्या खांद्यावर. मी त्याला विचारलं, "चुकलो का बे?"

"मले काही समजत नाही त्यातलं," तो म्हणाला. "पण तू वळला तवा लई मस्त वाजवलं लेका. म्या मागच्या माळा काढता काढता थांबलो."

मी कोट काढला. गजूनं पाठीवरचा डाग पाहिला आणि कोट घडी करून पिशवीत ठेवला.

*

दोन दिवसांत व्हिडिओ फिरू लागला. कोणी काढला माहीत नाही. मी मागे मागे चाललो आहे, झांजा पडतात, आणि त्यावर घोड्याच्या खिंकाळण्याचा आवाज लावलेला. तिथेच संपतो. मी वळलो तो भाग कापलेला आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर पोरं मला पाहून खिंकाळायची. मग अकोल्यात पोचला. मग गावागावांत.

मी सुट्टीला घरी गेलो होतो. दुपारी बँडच्या दुकानात बसलो होतो. दुकान म्हणजे एक टिनाची खोली. भिंतीला ढोल टांगलेले, खाली एक बाकडं. समोर पांढरी गाडी थांबली. बापूसाहेब उतरले. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. त्यांना पाहून बाबा उठले. दुखणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले. शेख चाचाही उठले. मी बसून राहिलो. मुद्दाम नाही. उठायचं सुचलंच नाही.

"हाच का तो व्हिडिओवाला?" बापूसाहेब म्हणाले. "लई भारी चालते लेका तू. माहा नातू तुले पाहून घोड्यावानी खिंकाळते."

सगळे हसले. हसावं लागतं म्हणून हसले.

"माह्या पोराचं लगन हाय," ते बाबांना म्हणाले. "डीजे हायच. पण डीजेले तोंड नसते. म्होरं बँड पायजे, आन म्होरक्या हा पायजे. त्या व्हिडिओत चालते तसाच."

बाबांनी हात जोडले. मी म्हटलं, "वाजवतो. पण तोंड रस्त्याकडं राहीन."

"म्हंजे?"

"म्हंजे उलटा नाही चालनार."

कोणाचं तरी कोपर ढोलाला लागलं. ढोल घुमला आणि घुमतच राहिला.

"काहून?" बापूसाहेबांनी विचारलं. "पायाले काही झालं काय?"

"माह्या पायाले नाही. बाबाच्या गुडघ्याले झालं होतं. तुमच्याच गावात. तुमच्याच वरातीत."

ते बाबांकडे वळले. "कवा?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. तो चिखल, तो कोट, 'अबे वाजव', त्यातलं काहीच नाही. माझ्या बापाचा गुडघा कायमचा गेला आणि त्या माणसाला ती संध्याकाळ लक्षात ठेवायचीही गरज पडली नव्हती.

"जुनी गोष्ट हाय बापूसाहेब," बाबा घाईनं म्हणाले. "पोरगं बोलते असंच. म्या समजावतो त्याले."

"बोलू दे ना. शिकलं हाय ते." बापूसाहेब हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे माझ्याकडे पाहत होते, बाजारात बैल पाहतात तसे. "दुसरा बँड नाही करत मी. हाच येईन. आन हाच म्होरं राहीन. कसा चालते ते पाहू."

गाडी निघून गेली. धूळ दुकानात आली आणि बराच वेळ बसली नाही.

संध्याकाळी माझ्या फोनवर फोन आला. आवाज तरुण होता, नाव सांगितलं नाही. म्हणाला, "रस्ता तोच हाय बरं का. मारुतीपासून. आन ती नाली अजून उघडीच हाय." मागे दोन-तीन जणं हसली. फोन बंद झाला.

मी कोणाला सांगितलं नाही. पण घरात कळलं होतं. घरात काही न बोलताही कळतं. आई भाकरी टाकताना सारखी दाराकडे पाहत होती. बाबांनी रेडिओ लावला आणि बंद केला.

शेख चाचा आले. म्हणाले, "बेटा, बात तेरी सही है. मगर गाँव उनका है."

"तुम्ही येणार का चाचा?"

"आऊँगा तो सही," ते म्हणाले. "पर मुझे डर लग रहा है. झूठ क्यों बोलूँ?"

"मलेही भेव लागून राहिलं," मी म्हटलं. ते पहिल्यांदा मोठ्यानं बोललो आणि थोडं हलकं वाटलं. थोडंच.

चाचा गेल्यावर बाबा माझ्या बाजूला येऊन बसले. हातात क्लॅरिनेट होती. कळांना खोबरेल लावत ते म्हणाले, "तुले सरळ चालाचं हाय ना? चाल. म्या तुह्या मागं राहतो. तुह्या आन त्यायच्या मधात. त्यायच्याकडं तोंड करून. म्हंजे ते काय करून राहिले ते मले दिसन. तू रस्ता पाय, म्या त्यायले पायतो."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी सगळा विचार केला होता. त्या गुडघ्यानं ते सगळा रस्ता उलटे चालणार होते. माझ्यासाठी. मला रडू येत होतं, पण मी रडलो नाही, कारण रडलो असतो तर हो म्हटलं असतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुमी उलटे चालसान, तं म्या सरळ चालून काय केलं?"

"अरे, पाठीवर कोनी काही मारलं तं दिसन कसं?"

"तवा तुमाले समोरून दिसत होतं बाबा. तरी पडले ना तुमी."

त्यांचा हात थांबला. त्यांनी क्लॅरिनेट माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून आत गेले. त्यांनी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

*

वरात या आठवड्यात आहे. मी राजापेठेत येऊन हे लिहितो आहे. खाली शिकवणीच्या पोरांच्या गाड्यांचा आवाज आहे. गजू म्हणतो, मीही येतो. मी त्याला नको म्हटलं आहे. तो येणार, हे मला माहीत आहे.

मला भीती वाटते. लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणू नये की मला अंदाज नव्हता. मला सगळा अंदाज आहे. मारुतीच्या देवळापुढे बँड उभा राहील. मागे घोडा असेल. घोड्यापुढे तेच चुलतभाऊ असतील, आता मोठे झालेले, त्यांच्या सोबत त्यांची पोरं, हातात फोन घेऊन. मला त्यांचे चेहरे दिसणार नाहीत. टापा ऐकू येतील. हसणं ऐकू येईल. वळण जवळ येईल तसं ते हसणं बंद होईल, आणि तेव्हा मला वळून पाहावंसं वाटेल.

मी वळणार नाही.

बाबा आले तर माझ्या बाजूला चालतील. मागे नाही. लंगडत चालतील, पण पुढे पाहत. कोणी माझे खांदे धरून मला फिरवलं, तर मी पुन्हा फिरेन. पुन्हा फिरवलं, तर पुन्हा.

आणि त्यांनी मला नालीत पाडलं, तर मी नालीत उभं राहून वाजवणार नाही. नवरदेव उभा असला तर उभा राहू दे. मी आधी वर येईन. क्लॅरिनेटमधलं पाणी काढीन. पत्ती पुसून घेईन. मग रस्त्याकडे तोंड करून जिथे थांबलो होतो तिथून सुरू करीन, आणि माझ्या कोटावरचा डाग त्यांना सगळा रस्ताभर पाहावा लागेल.